श्रीमती टॉलेफ्सन बसल्यावरच लागणाऱ्या दिव्यांबाबत

प्रति,
मा. शेरीफ साहेब,
टर्टल फोर्क काउंटी, काउंटी कचेरी,
मिनेसोटा राज्य.
(खिडकीवर न देता हातोहात)

विषय : मोटरसायकलमागील ट्रेलरच्या दिव्यांची फेरतपासणी शुक्रवार, दि. ११ जुलै रोजी परिच्छेद १० मध्ये लिहिलेल्या पद्धतीनेच होण्याबाबत विनंती.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची दुरुस्ती-नोटीस, दि. २४ जून.
२) माझा अर्ज, दि. ३० जून (कचेरीच्या वाहनतळाखाली लोखंड पुरलेले असल्याबाबत).
३) माझा अर्ज, दि. २ जुलै (कचेरीचा रेडिओ मनोरा थोडा वेळ बंद ठेवण्याबाबत).

महोदय,

१. मी, खाली सही करणारा वेंडेल टॉलेफ्सन, आपल्या काउंटीचा जुना रहिवासी असून धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झालो आहे. आपल्या कार्यालयाविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. आपले डेप्युटी श्री. कोल्बी रेट्झ हे सभ्य गृहस्थ असून त्यांनी मला नोटीस देण्याआधी पावसापाण्याची आणि मक्याची चौकशी केली होती. मात्र पंधरवड्यात हा माझा तिसरा अर्ज आहे, आणि आमच्या गावात एखाद्याने एका उन्हाळ्यात तीन अर्ज केले, की त्याला काहीतरी झाले आहे असे समजून लोक झाकलेली भांडी घेऊन दाराशी येऊ लागतात. आतापर्यंत दोन आली. दोन्हींत बटाटेच होते. तरी हा शेवटचा अर्ज समजावा ही विनंती.

२. माझ्याकडे लांब पल्ल्याच्या प्रवासाची सहा सिलिंडरची मोटरसायकल आहे, रंग गडद चेरी. तिच्यामागे जोडायचा छोटा ट्रेलर मी गेल्या हिवाळ्यात घेतला. तो हौसेसाठी घेतलेला नाही. माझी पत्नी सौ. आर्डिस यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून दोन उन्हाळे त्या माझ्या मागे बसलेल्या नाहीत. मे महिन्यात डॉक्टरांनी परवानगी दिली, पण त्यांच्यासोबत चालायचा वॉकर, उंच पायांची खुर्ची, एक विशिष्ट उशी आणि कमोडवर ठेवायचे उंच आसन एवढे सामान गेलेच पाहिजे. हे आसन मोटरसायकलला बांधून महामार्गाने जाणे शक्य आहे, पण पत्नी त्याला तयार नाहीत. आमच्या मोटरसायकल मंडळाचे उन्हाळी संमेलन यंदा लेक सुपीरियरच्या काठी आहे. निघण्याचा दिवस शनिवार, १२ जुलै. शुक्रवारी नोटिशीची मुदत संपते आणि तोपर्यंत आपली सही झाली नाही, तर ट्रेलर रस्त्यावर आणता येणार नाही. ट्रेलर नाही म्हणजे सामान नाही, आणि सामान नाही म्हणजे पत्नी नाहीत.

त्यातच पत्नीचे बंधू ड्वेन यांच्याकडे बस एवढी मोठी राहायची गाडी आहे. तेही तळ्यावर निघाले आहेत आणि "ताई, तू आमच्याबरोबर चल, आपल्याकडे पाय वर करून बसायची आरामखुर्ची आहे," असे त्यांनी तीनदा फोन करून सांगितले आहे. महोदय, ती खुर्ची मी पाहिली आहे. तिला पेला ठेवायला खाचसुद्धा आहे. पत्नी एकदा त्या खुर्चीत बसून तळ्यापर्यंत गेल्या, तर पुन्हा माझ्या मागे कधीच बसणार नाहीत, अशी मला भीती वाटते. ही भीती अर्जात लिहिण्यासारखी नाही याची मला कल्पना आहे, पण बाकी सर्व गोष्टी तिच्यामुळेच घडल्या आहेत.

३. मग पत्नीला 'माझ्याबरोबर चल' असे मी सरळ का म्हटले नाही, असा प्रश्न आपल्याला पडणार नाही, कारण आपण इथलेच आहात. परंतु ही फाइल पुढेमागे राजधानीत गेली तर तिथल्या साहेबांसाठी नमूद करतो, की आमच्याकडे असे विचारत नाहीत. विचारले की समोरच्याला नाही म्हणताना संकोच होतो, आणि कुणाला संकोचात टाकणे हे आमच्याकडे वाईट समजतात. मी मे महिन्यात जेवताना "मागची सीट पुसून ठेवली आहे" असे म्हटले. पत्नी "बरं केलंस" म्हणाल्या. जूनमध्ये मी "यंदा तळ्याकडे हवा चांगली असेल म्हणतात" असे म्हटले. त्या "म्हणतात खरं" म्हणाल्या. यापेक्षा उघडपणे नवऱ्याने आणखी काय बोलायचे ते मला माहीत नाही. एकदा मात्र ट्रेलरमध्ये सामान कसे बसेल ते मी दाखवत असताना त्या म्हणाल्या, "म्हणजे एक ते आसन आणि एक मी. दोघं सामानच." मी हसलो. नंतर लक्षात आले की त्या हसल्या नव्हत्या.

४. आता जोडणीबाबत. मोटरसायकलला ब्रेकचा दिवा वेगळा असतो आणि वळण्याचा वेगळा. ट्रेलरला मात्र एका बाजूला एकच दिवा. ब्रेकही त्यानेच दाखवायचा आणि वळणही. म्हणून मध्ये एक डबी बसवावी लागते, जी एकाचे म्हणणे दुसऱ्याला समजावून सांगते. शिवाय मोटरसायकलच्या तारा बारीक असतात, ट्रेलरचा भार त्यांच्यावर टाकला की फ्यूज उडतो. म्हणून मी वीज थेट बॅटरीवरून, रिले म्हणजे विजेचा वेगळा खटका बसवून घेतली. तपकिरी तार मागच्या दिव्यांना, पिवळी डावीकडे, हिरवी उजवीकडे. चौथी पांढरी तार अर्थिंगची. ती ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टने आवळायची, कारण दिव्यांत गेलेली वीज सांगाड्यातून आणि त्या तारेतून बॅटरीकडे परत येते. तिला परतीचा रस्ता मिळाला नाही तर ती भलत्याच दिव्यांतून वाट काढू पाहते. हे सर्व काम मी हिवाळ्यात गॅरेजात हीटर लावून, प्रत्येक जोडाला डाख देऊन, सावकाश केले. तेव्हा दिवे उत्तम लागत होते. याला शेजारी लॅव्हर्न निल्सेन साक्षी आहेत. ते मागे उभे राहून बघत होते, आणि दिवे लागले तेव्हा "काही वाईट नाही" असे म्हणाले होते. लॅव्हर्न यांना ओळखणाऱ्यांना याचा अर्थ कळेल.

पुढे जे झाले त्याला आमच्या मंडळाचा रिवाज कारण आहे. ट्रेलरचा रंग मोटरसायकलशी तंतोतंत जुळला नाही, तर मंडळातले लोक संमेलनात भोवती फिरून "कुणाचा मागून आणलात?" असे विचारतात. दिवसभर विचारतात. दोन वर्षांनी पत्नीला घेऊन जायचे आणि तिथे हे ऐकून घ्यायचे, हे मला पटेना. म्हणून जूनमध्ये तारा सोडवून ट्रेलर रंगायला दिला. रंगाऱ्याला मी स्वतः बजावले होते, की एकही जागा सोडू नका, आतबाहेर, बोल्टाच्या भोकांतसुद्धा रंग गेला पाहिजे. तो कामाला चोख माणूस. त्याने एकही जागा सोडली नाही. दि. २४ जून रोजी मी त्याच्याच अंगणात तारा होत्या तशा पुन्हा आवळल्या आणि एकटाच घरी निघालो.

५. त्याच दिवशी काउंटी रस्त्यावर, दूधसंघाच्या वळणाजवळ, श्री. रेट्झ यांनी मला थांबवले. डावीकडचा इंडिकेटर दिल्यावर ट्रेलरचे दोन्ही दिवे मिणमिणत होते आणि ब्रेक दाबल्यावर होते नव्हते तेही विझत होते, असे त्यांचे म्हणणे. मक्याची चौकशी झाल्यावर ते म्हणाले, "काका, तुमचा ट्रेलर मला काहीतरी सांगतोय, पण काय सांगतोय ते कळत नाहीये." नोटीस मी आनंदाने घेतली. मला वाटले, एखादी तार सैल झाली असेल, संध्याकाळपर्यंत काम होईल.

६. दिव्यांची चाचणी आमच्या घरी कशी होते, हे येथे सांगणे जरूर आहे. मी पुढे बसून ब्रेक आणि इंडिकेटर दाबतो, लॅव्हर्न कॉफीचा कप घेऊन मागे उभे राहतात, आणि पत्नी माझ्या मागे बसतात. त्यांनी बसायची दिव्यांसाठी गरज नव्हती. पण आपण प्रवासात जसे असू तशी चाचणी व्हावी असे मीच सुचवले होते, आणि त्या निमित्ताने त्यांना सीटची सवय होईल असा एक विचार माझ्या मनात होता. तो मी बोललो नाही. घरी सगळे दिवे लागले. दुसऱ्या दिवशी मी एकटा कचेरीत आलो, तर श्री. रेट्झ यांच्यासमोर सगळे विझले. घरी नेला, तिघांनी पुन्हा चाचणी केली, लागले. मी बल्ब बदलले, डबी बदलली, पुन्हा कचेरीत आलो, पुन्हा विझले. कचेरीतली माणसे खिडकीशी जमून पाहत होती. त्यांपैकी एकीने आतून मला हात केला.

माझ्या घरी चालणारी वस्तू फक्त आपल्या दारात बंद पडते, यावरून दोष आपल्या दारात असला पाहिजे असे मला वाटले. संदर्भ क्र. २ व ३ चे अर्ज मी त्याच भरात केले. वाहनतळाखाली लोखंड आहे हे मी लॅव्हर्न यांच्याकडून ऐकले होते. त्यांना विचारता ते "असेलही" म्हणाले होते, त्याचा अर्थ मी 'आहे' असा घेतला. रेडिओ मनोऱ्याबाबत तर माझ्याकडे एवढाही आधार नव्हता. आग लागली किंवा कुणी आजारी पडले तर निरोप पोहोचवणारा काउंटीचा मनोरा एका ट्रेलरसाठी बंद ठेवा, असे मी लिहून दिले, याची आज मला लाज वाटते. दोन्ही अर्ज मी या अर्जान्वये मागे घेत आहे. ते फाडून टाकले तरी चालेल. फाडावेत ही विनंती.

७. दि. ६ जुलै, रविवार. चर्चहून आल्यावर आम्ही पुन्हा चाचणीला बसलो. सगळे दिवे लागलेले होते. इतक्यात पत्नीचा पाय अवघडला म्हणून त्या आधार घेत उतरल्या, आणि मागून लॅव्हर्न यांचा "हं" असा आवाज आला. दिवे गेले होते. पत्नींनी ट्रेलरकडे पाहिले. मग खुबा दुखत असताना पुन्हा चढून बसल्या, तर दिवे लागले. त्या परत उतरल्या. "मी उठते, बघ. गेले. मी बसते, बघ. आले." असे त्यांनी इतक्या वेळा केले, की मला त्यांना हात धरून थांबवावे लागले. लॅव्हर्न म्हणाले, "हे रोजच होतं. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल." महोदय, आमच्या शेजाराला चाळीस वर्षे झाली, त्यामुळे मी त्यांना काही बोललो नाही. पण बोलण्यासारखे खूप होते.

याचे कारण असे. पत्नी बसल्या की मोटरसायकलची मागची बाजू खाली दबते. (मी आयुष्यभर वजनकाट्यावर काढले असल्याने किती भाराने किती दबते हे अचूक सांगू शकलो असतो, परंतु आकडा कोणत्याही सरकारी कागदावर येऊ नये अशी पत्नीची ताकीद आहे.) मागची बाजू दबली, की जोडणीचा गोळा खाली जातो आणि त्यावर बसणारी ट्रेलरची टोपी थोडी कलते. टोपीच्या आत एका काठाला घासून रंग निघाला आहे, तेवढ्या एका जागी लोखंडाला लोखंड लागते आणि विजेला परतीचा रस्ता मिळतो. पत्नी उतरल्या, की रंगाला रंग लागतो आणि रस्ता बंद. माझ्या एकट्याच्या वजनाने काहीच होत नाही. मी लहानपणापासून काटकुळा आहे.

८. त्या दिवशीचा पत्नीचा आनंद मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. संध्याकाळी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी त्यांनी उभ्या राहून सर्वांना सांगितले, "डॉक्टरांनी खुब्यात घातलं ते लोखंडच आहे ना? मग मी वायरिंगमध्येच बसते." वैज्ञानिकदृष्ट्या हे बरोबर नाही, पण मी दुरुस्ती केली नाही. घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून हेल्मेट काढून आणायला सांगितले, आतले अस्तर धुवून वाळत घातले, आणि ड्वेन यांना आपणहून फोन लावला. मी शेजारच्या खोलीत होतो. "नाही रे, मला नाही जमणार," त्या म्हणत होत्या. "मी नसले तर याचे दिवे लागत नाहीत."

महोदय, मी ते ऐकून गॅरेजात गेलो आणि बराच वेळ उगाच पाने-पकडी पुसत बसलो. मला फार बरे वाटले.

९. सोमवारी मी श्री. रेट्झ यांना फोन करून सर्व हकीकत सांगितली आणि माझ्या पत्नीची नोंद ट्रेलरच्या जोडणीचा भाग म्हणून करता येईल का, असे विचारले. मग ते म्हणाले, "काका, काकू पेट्रोल पंपावर उतरल्या आणि मागून ट्रक आला तर?" त्यांचे म्हणणे योग्य आहे. दिवे कुणी बसो न बसो, लागलेच पाहिजेत.

मंगळवारी सकाळी पत्नी केस सेट करायला गावात गेल्या असता मी ते काम केले. पांढरी तार होती तिथेच होती, बोल्टही घट्ट होता, पण ती तार लोखंडाला नव्हे तर माझ्याच हुकमाने मारलेल्या चेरी रंगाला आवळलेली होती. मी बोल्ट काढला, घरातल्याच एका साधनाने तेवढ्या जागेचा रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडला, तार पुन्हा आवळली, वर ग्रीस लावले आणि ते साधन स्वच्छ धुऊन जागच्या जागी ठेवले. सगळे काम कॉफी निवायच्या आत झाले. मग मी एकटा बसून ब्रेक दाबला. दिवे लागले. उतरून हाताने दाबला, तरी लागले. लॅव्हर्न "हं" म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला, खरे सांगायचे तर, वाईट वाटले. पत्नी केस सेट करून आल्या आणि गॅरेजाच्या दारातून म्हणाल्या, "माझ्याशिवाय काही सुरू करू नकोस हं." मी "नाही" म्हणालो.

१०. सबब आपणांस विनंती, की शुक्रवारी सकाळी दहा वाजता मी पत्नीसह ट्रेलर घेऊन आल्यावर तपासणी पुढीलप्रमाणे व्हावी :

(अ) पत्नी आपल्या कचेरीच्या खिडकीवरील बेव्ह यांना रूबार्बच्या आंबट देठांचा केक देण्यासाठी आत जातील. वॉकर घेऊन जायला आणि यायला त्यांना वेळ लागतो. तेवढ्यात, सीटवर कुणीही नसताना, आपण खरी तपासणी करून घ्यावी, आणि ती कडक करावी. एक जरी दिवा मंद वाटला तर सही करू नये. त्यांना मागे बसवून खराब दिव्यांनिशी मी कुठेही जाणार नाही. मग त्या आरामखुर्चीत बसल्या तरी चालेल.

(आ) पत्नी बाहेर आल्यावर त्यांना सीटवर बसण्यास सांगावे, त्या बसल्यावर पुन्हा दिवे पाहावेत आणि त्यांच्या देखत सही करावी. आपण खोटे बोलावे असे माझे म्हणणे मुळीच नाही. फक्त 'बसा' म्हणावे आणि 'दिवे लागले' म्हणावे. दोन्ही गोष्टी खऱ्याच असतील. त्यांना उतरायला मात्र सांगू नये.

(इ) बेव्ह या दर गुरुवारी पत्नीबरोबर पत्ते खेळतात. म्हणून हा अर्ज त्यांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये क्षणभरही ठेवू नये. याच कारणाने तो टपालाने न पाठवता लॅव्हर्न यांच्या हाती देत आहे. ते कुणाशी फारसे बोलत नाहीत.

वरील विनंती नियमात बसत नसेल तर मी समजू शकतो, आणि त्याबद्दल चौथा अर्ज येणार नाही. पण बसत असेल तर कृपया बसवावी. पत्नी मागे असल्या की वळणावर माझ्या खांद्यावर दोन बोटे टेकवतात. दोन उन्हाळे मी वळणे त्याशिवायच घेतली. वळणे घेता येतात, पण मला ती आवडत नाहीत.

आपला नम्र, आणि यापुढे त्रास न देणारा,
वेंडेल टॉलेफ्सन
दि. ९ जुलै

सोबत : १) दुरुस्ती-नोटिशीची प्रत.
२) तारांचा नकाशा, चारही रंगांत.
३) खरवडलेल्या रंगाची पुडी, पुरावा म्हणून.

(याच कागदाच्या खाली, पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात)

कर्टिस,

तू रविवारच्या शाळेत माझ्या वर्गात होतास, म्हणून शेरीफ झालास तरी तुला अरे-तुरेच करते.

लिफाफा मी फोडलेला नाही. लॅव्हर्न जाता जाता कॉफीला थांबला, लिफाफा माझ्या बशीला टेकवून ठेवला आणि मान वळवून खिडकीबाहेर बघत बसला. तो चिकटवलेला नव्हता. लॅव्हर्न बोलत नाही हे खरं आहे.

ते 'घरातलंच साधन' म्हणजे माझी बटाट्याची सोलणी. मंगळवारी रात्रीच्या बटाट्यांत चेरी रंगाचे कण आले, तेव्हाच मला कळलं. या घरात चेरी रंगाचं दुसरं आहे काय? मी कण बाजूला काढून खात राहिले. त्यानंही कण बाजूला काढून बटाटे गुपचूप खाल्ले.

ड्वेनच्या गाडीतून मी कधीच जाणार नव्हते. त्या खुर्चीत त्याचा कुत्रा झोपतो, आणि ड्वेन गाडी चालवताना गातो. पण मे महिन्यापासून हा माणूस सीट पुसतोय आणि मला तळ्याकडची हवा सांगतोय. एकदा तरी तोंडानं 'चल' म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. मला वाटायला लागलं होतं, की याला आता एकट्यानंच बरं वाटतं. हा सगळा अर्ज मी दोनदा वाचला. 'चल' यात कुठेही नाही. पण पानंच्या पानं लिहिलीत, आणि तीसुद्धा शेरीफला. ते दोन बोटांचं मला माहीत नव्हतं. मी घाबरून टेकवत होते रे.

शुक्रवारी मी बेव्हकडे वीस मिनिटं बसेन, तिला मी फोन केलाय. हवा तर अर्धा तास घे. तेवढ्यात सगळं नीट तपास, ती पांढरी तार हातानं ओढून बघ, याच्या बोलण्यावर जाऊ नकोस. मग मला बसव. दिवे लागले की जरा नवल केल्यासारखं कर. कोल्बीच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, त्याला पाठ फिरवून उभा कर. वेंडेलला यातलं काही कळू देऊ नकोस.

आणि मला उतरायला सांगू नकोस.

आर्डिस